पहिल्या धड्याची बाई

ऑफिसात तिला सगळे ‘पहिला धडा’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. प्रोग्रामरला लागणारं गणित शिकवणारे सतरा कोर्स तिने इंटरनेटवर हुडकून ठेवले होते. प्रत्येकाचा पहिला धडा तोंडपाठ. दुसऱ्याच्या वाटेला ती कधी गेली नाही. चिन्हं दिसू लागली की तिला नववीचा वर्ग आठवायचा, आणि याहून चांगला कोर्स शोधणं एकदम तातडीचं वाटायचं. नुसतं शोधूनही अभ्यास केल्याचं समाधान मिळतं, हेच तर खरं दुखणं.

या खेपेला मात्र गळ्याशी आलं. फर्निचर आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये कपाटाचं दार कडेवर न उघडता मधल्यामधे गरगर फिरत होतं. सूत्र तिनेच कुठूनतरी उचलून चिकटवलेलं. ‘‘शुक्रवारपर्यंत जमवा, नाहीतर हे काम दुसऱ्याकडे देतो,’’ साहेब म्हणाले. बारा वर्षं वाढवलेलं काम हातचं जाणार होतं.

गुरुवारी दुपारी ती घरी अठरावा कोर्स शोधत बसली होती; पडद्याच्या कोपऱ्यात ते दार फिरतच होतं. जन्मभर सुतारकाम केलेले बाबा मागे येऊन उभे राहिले.

‘‘हे कसलं गं दार?’’

‘‘फिरवायचं गणित चुकलंय.’’

‘‘गणितातलं मला काय कळतंय! पण याची बिजागरी कुठंय? जे हलत नाही ते आधी धरायचं, मग दार फिरवायचं.’’

तिचा हात थांबला. तिने सगळ्यात जुन्या कोर्सचा दुसरा धडा उघडला. पहिलंच वाक्य होतं: फिरवण्याआधी स्थिर बिंदू ठरवा. सात वर्षं ते तिथेच होतं. तिला स्वतःची लाज वाटली, हसूही आलं. मग कागद घेऊन चिन्हं एकेक करून सोडवली. संध्याकाळी दार कडेवर, शहाण्यासारखं उघडलं.

बाबा बराच वेळ ते दार बघत राहिले.

‘‘नववीत बाईंना मीच सांगून आलो होतो, हिला गणित झेपायचं नाही, सोडवा यातून. वाटलं, तुझा त्रास वाचवतोय. चुकलं माझं.’’

तिला राग आला, चांगला पंचवीस वर्षांचा. तिने कीबोर्डवर जोरात बोट आपटून तिसरा धडा उघडला. मग शेजारची खुर्ची ओढली.

‘‘बसा इथे. तिसरा धडा कळला नाही, तर विचारायला कोणीतरी हवं.’’