खिशातला फ्यूज

या, अशा जवळ बसा. आणि आधी मला थोडं रागवून घेऊ द्या. माझा भाऊ दामू जाऊन महिना झाला. तुम्ही भेटायला येता, चहा घेता, आणि पायऱ्या उतरताना एकमेकांना हळूच म्हणता, "दामूनं घाई केली." ऐकू येतं हो मला! म्हणून म्हटलं, लिहावंच.

पनवेलच्या आसपास फार्महाऊसवर पोहायचे तलाव असतात ना, त्यांचे पंप दामू दुरुस्त करायचा. त्या दुपारी मी कोळंबी सोलत होते. फोन आला, "आक्का, दामूला झाकण लागलंय." झाकण? मला वाटलं, डब्याचं असेल, बोट कापलं असेल. दवाखान्यात पोचले तर त्याचा जबडा जागेवर नव्हता. वर चादर ओढलेली, आणि खालून रक्त टपकत होतं... नर्सबाईंनी कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

दामू तापट होता, खोटं कशाला बोलू. लहानपणी तो माझी वेणी उपटायचा, मी त्याला फुंकणीनं बडवायची. पंपालासुद्धा शिव्या घालायचा. पण हात शांत! पंप नुसता घरघरतोय, पाणी उचलत नाही, म्हणजे कुठूनतरी हवा ओढतोय. मग माझ्या देवघरातल्या उदबत्त्या पळवायचा. पेटलेली उदबत्ती पाइपाच्या एकेका जोडाशी धरायची. जिथं धूर आत खेचला जाईल तिथं चीर. मी ओरडले की म्हणायचा, "एक दिस वास नाय आला तर देव काय मरत नाय, आक्का."

पंधराएक वर्षांमागे एका बंगल्यावर तो पंप उघडून आतल्या पंख्यात अडकलेली पानं काढत होता, आणि तिथल्या माळ्यानं बटण दाबलं. दोन बोटं गेली. तशाच रक्ताळलेल्या हातानं दामूनं त्या माळ्याला इतका तुडवला, की चौघांना ओढून काढावा लागला. आणि चौथ्या दिवशी त्याच माळ्याला घेऊन दारात हजर! मी भडकले, "यानं तुझी बोटं खाल्ली, आणि मी याला सुरमई खायला घालू?"

"मी त्याचा दात पारलाय आक्का. भात जरा मऊच कर."

जेवला तो माणूस. रडत रडत जेवला.

तेव्हापासून दामूचा एक नेम. चीर सापडली की हत्यार लावायच्या आधी भिंतीवरच्या पेटीतला चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. म्हणायचा, "आता माज्या खिशात हात घातल्याबिगर कोण चालू करतो बघू."

दवाखान्यातली ती पिशवी मी घरी उघडली. शर्ट रक्तानं कडक झालेला, आणि खिशात फ्यूज.

पंप बंद असताना टाकीचं झाकण उडत नाही. मग पंप चालू झाला कसा?

तिसऱ्या दिवशी हत्यारं आणायच्या निमित्तानं मी त्या फार्महाऊसवर गेले. पंपाच्या खोलीचा पत्रा फाटलेला, भिंतीवर डाग. बाहेरच्या भिंतीवरच्या पेटीत बघितलं तर फ्यूजच्या जागी उघडी तांब्याची तार वळवून बसवलेली. दारात तिथला राखणदार जगन उभा होता, चाळिशीचा बाप्या.

"आक्का, पावनं येनार होतं... शेठ वरून वरडत होता, तार मार नं चालू कर. मी मारली. दामूदादा टाकीवर वाकलेला, ता मना दिसलाच नाय."

पंपाला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत हवा कोंडलेली, झाकणाचं कडं अर्धंच आवळलेलं. पंप सुरू झाला, पाण्यानं हवा दाबली, आणि झाकण तोफेसारखं उडालं.

मी दामूचा मोठा पाना उचलला आणि जगनच्या खांद्यावर घातला. हाड वाजलं. दुसरा घाव डोक्यात घालणार होते, ठारच करणार होते. तो पळाला नाही. मान खाली घालून वाकला... दामू टाकीवर वाकायचा ना, अगदी तसा. माझा हात वरच राहिला. पाना मी तलावाच्या हिरव्या पाण्यात भिरकावला आणि ओरडत बसले.

दुसऱ्याच दिवशी पेटीतली तार गायब, आणि जगनही. चौकीत मी सगळं सांगितलंय, माझ्या पान्याचंसुद्धा. शेठ म्हणतो, कारागिराची चूक. तार बघितली फक्त मी. ती मारायचा शेठचा हुकूम ऐकला फक्त जगननं. तो बोलला नाही, तर दामूच्या नावावर 'घाई' कायमची राहील.

फ्यूज मी देवघरात ठेवलाय, उदबत्तीच्या घराशेजारी. दुपारी कधी हातात घेते. वजनदार आहे, थंडगार.

जगन, कुणीतरी तुला हे वाचून दाखवीलच. खांदा कसा आहे रे? दाराला कडी नाही, नुसतं लोटून आत ये. मी सुरमई आणते. आधी जेव, मग आपण दोघं चौकीत जाऊ. पण लवकर ये, बाबा.