कुजक्या संत्र्यांचा वास

बागेत कुजक्या संत्र्यांचा वास मारत होता आणि सेराफीना बागवाल्याचा उद्धार करत होती. "भाव नाही म्हणून फळं झाडाखाली कुजवतो मेला! माझ्या मधाला वास लागला म्हणजे?"

इटलीतल्या कालाब्रियाच्या त्या सपाटीवर मे महिन्यात हा वास कुणाला नवा? तिथेच बाई फसली.

नवरा गेल्यापासून तिचं घर मधमाश्यांच्या पेट्यांवर चाललं होतं. संत्र्यांचा बहर संपला की पेट्या डोंगरात न्यायच्या, चेस्टनटच्या फुलोऱ्यावर. यंदा शेजारी सावेरियोच्याही पेट्या होत्या. सावेरियो तिचा कुंपारे, म्हणजे लेकीला बाप्तिस्म्याला हातांवर धरणारा, सख्ख्या भावाहून वरचा; आणि ती त्याची कोमारे. "कोमारे, माझ्याकडे फवारणी चाललीय, थोडे दिवस ठेवू दे," म्हणाला. कुंपारेला नाही म्हणायची तिकडे रीतच नाही.

पुढे बागवाल्यानं माणसं लावून पडलेली फळं उचलून नेली. वास तसाच! सेराफीना वासामागे निघाली ती थेट सावेरियोच्या पेटीशी पोचली. झाकण उचललं, तर मध फेसाळून ओघळतोय आणि पोळ्यात अळ्यांची नुसती वळवळ. धावत जाऊन तिनं स्वतःच्या पेट्या उघडल्या. एकीत, झाकणाखालून, त्या अळ्या ज्याच्या, तोच मसुराएवढा काळा भुंगेरा अंधाराकडे पळाला.

नियम तिथल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. एक भुंगेरा सापडला, की त्या जागेवरच्या सगळ्या पेट्या जाळायच्या. चांगल्यासुद्धा.

तिनं सावेरियोला बोलावून घेतलं. "तुला माहीत होतं."

"अगं, तिकडे एकदोनच दिसले होते. मला वाटलं, जागा बदलली की जातील."

"म्हणून माझ्या उशाशी आणून ठेवलेस? फवारणी म्हणे!"

"ओरडू नकोस. चिरड त्याला आणि पेट्या चढव डोंगरात. कोण बघतंय?"

"डोंगरात गावाच्या पेट्या आहेत, हलकटा! त्यांचीही घरं बुडवू?"

"कोमारे, देवासमोर जोडलेलं नातं आहे आपलं."

"त्याच नात्याच्या जोरावर घुसलास ना?" तिनं त्याच्यासमोरच सरकारी पशुवैद्याला फोन लावला. बोलताना तिला रडू फुटलं. संतापाचं रडू ते, दुसरं कसलं नव्हे.

जाळायच्या दिवशी सरकारी माणसं खड्डा खणून उभी होती. संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेट्यांची तोंडं बंद करायची होती. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. दरवर्षी डोंगरात निघताना लावायची, तसाच ओल्या नेच्याचा पाला तिनं एकेका तोंडात कोंबला. आत जरा गलका झाला, मग शांत झालं.

सावेरियो टोपी हातात घेऊन आला. "कोमारे, काही मदत..."

"कोण कोमारे? माझं नाव सेराफीना." उरलेला नेचा तिनं त्याच्या छातीवर आदळला. "तुझ्या पेट्या तू बंद कर. तुझ्या हातानं."

तो वाकला. एक पेटी बंद केली, दुसरी केली.

"थांब. कान लाव तिला," ती म्हणाली. "लाव म्हणते ना!"

त्यानं लावला.

"गप्प आहेत ना? त्यांना वाटतंय, आपण त्यांना चेस्टनटवर नेतोय."