सुनंदाबाईंचा समुद्रतळ

बंगळूरच्या चिकपेटेत सुनंदाबाईंच्या घरी दसऱ्याच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडल्या की गल्लीतल्या बायका आधी खालची पायरी बघत. वर राजा-राणी आणि देव ठरलेले; खालची पायरी दरवर्षी नवी. गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवताना सुनंदाबाईंच्या डोक्यात वर्षभर तीच घोळत असे. नवरा गेल्यावर याच शिवणावर त्यांनी लेकीला, रम्याला, इंजिनिअर केलं होतं.

यंदा तिथं समुद्राचा तळ होता. रम्याची बेळ्ळंदूरची कंपनी पाच किलोमीटर खोलातून धातूचे काळे गोटे गोळा करणारं यंत्र बनवत होती आणि चाचणीच्या जहाजावर रम्या जाणार होती. आईचं हे गल्लीभर सांगून झालं होतं. त्यांनी निळं कापड अंथरलं, खडे काळे रंगवले आणि बाहुल्यांच्या बागेसाठी रुजवतात तशी नाचणी रुजवून मधे मधे लावली.

रम्या हसत सुटली. "आई, समुद्रात शेती केलीस की! तिथं उजेडच पोचत नाही, हिरवं कुठून येणार?"

"मग तिथं काहीच नाही? न्या की गोटे उचलून."

"आमच्या ऑफिसातही हेच म्हणतात." रम्याचं हसू ओसरलं. "त्या गोट्यांनाच जीव चिकटून राहतात, आई. स्पंज, प्रवाळ. एक गोटा तयार व्हायला लाखो वर्षं जातात. यंत्र फिरलं की गाळाचे ढग उठणार. ते कुठवर जातील, त्यात कोण गुदमरेल, आम्हालाच नीट ठाऊक नाही. मी साहेबांना सांगितलंय, आधी जीवांची पाहणी करा. नाहीतर मी जहाजावर येत नाही."

"आणि यादीतून तुझं नावच काढलं तर?"

"काढतील."

सुनंदाबाईंनी नाचणी उपटली, अस्तराच्या पांढऱ्या चिंध्या घेतल्या आणि एकेका खड्यावर स्पंज शिवून बसवू लागल्या.

"याला पाय किती गं?"

"त्याला पाय नसतात."

"सरी, ठीक."

अष्टमीला हळदीकुंकवाला घर भरलं होतं. रम्या ऑफिसचा फोन घेऊन गच्चीत गेली आणि परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. शेजारच्या कावेरी अक्कांनी नेमकं तेव्हाच विचारलं, "काय गं, जहाज कधी?"

रम्यानं आईकडे पाहिलं. सुनंदाबाईंना सगळं कळलं. हातातला करंडा त्यांनी खाली ठेवला.

"ती जात नाही, अक्का. तळाशी कोण राहतं ते बघितल्याशिवाय यंत्र सोडू नका, असं तिनं साहेबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी यादीतून नाव काढलं."

"अय्यो! एवढी संधी घालवली?"

"घालवली नाही, नाकारली. स्वल्प सरका, मागच्यांना दिसू दे." सुनंदाबाई पदर खोचून खाली बसल्या आणि कोणत्या गोट्यावर कोण राहतं ते सांगू लागल्या. अडल्या की रम्याकडे बघत. रम्या नाव सांगे आणि त्या ते खणखणीत आवाजात, दारातल्या बायकांनाही ऐकू जाईल असं, पुन्हा म्हणत.