विमानाच्या आत वकील, बाहेर वकिलीणबाई

त्या मेकॅनिकला विमानदुरुस्तीचा सगळा हँगर वकील म्हणायचा, पण गड्याने आयुष्यात कायद्याचं पानसुद्धा उलटलं नव्हतं. कारण एवढंच, की काहीही सांगा, आधी 'का?' विचारल्याशिवाय त्याचा हात म्हणून हलायचा नाही. छत्री घेऊन जा म्हटलं तरी का, हळू बोल म्हटलं तरी का. त्याची बायकोही त्याच हँगरमध्ये लढाऊ विमानांच्या इंजिनांवर काम करायची, त्यामुळे ती आपोआपच वकिलीणबाई झाली. बिचारी मूळची गरीब हो, पण संगतीने तीही वादात तरबेज झाली होती. ऑम्लेटमध्ये मीठ कमी की जास्त, असं सकाळी उभं राहिलेलं प्रकरण त्यांच्या घरी रात्रीपर्यंत निकाली निघत नसे.

कामात मात्र वकिलाचा हात धरणारा कुणी नव्हता. अडचण वेगळीच होती. इंजिन दुरुस्त झालं की विमान जमिनीला बांधून, चाकांना ठोकळे लावून ते चालवून बघतात. एकजण आत पायलटच्या जागी बसतो, एकजण बाहेर नाकाच्या बाजूला उभा राहतो. आतल्याला नुसते काटे दिसतात. पोटाखाली काय गळतंय, शेपटीकडे काय पेटतंय, ते बाहेरच्याला दिसतं. म्हणून बाहेरच्याने गळ्यावरून आडवा हात फिरवला की आतल्याने इंजिन बंद करायचं, इंधन तोडायचं, वीज तोडायची आणि उतरून पळत सुटायचं. चौकशी नंतर. आणि नेमकं इथेच आमच्या वकिलाचं घोडं पेंड खात होतं. फोरमन त्याला ती जागा देईना. विमान पेटलेलं असेल आणि हा आत बसून पुरावा मागेल, असं तो चारचौघांत म्हणायचा.

त्याच्यामागून आलेली पोरं त्या खुर्चीत बसून गेली आणि वकील खाली शिडी धरून उभा राहिला. जगातल्या यच्चयावत विषयांवर बोलणारा हा माणूस त्या एका गोष्टीबद्दल घरी चकार शब्द काढायचा नाही. तेवढ्यावरून वकिलीणबाईला कळायचं, की हे फार लागलंय. शेवटी तिनेच फोरमनच्या मागे टुमणं लावलं, आणि त्याने कंटाळून एक संधी दिली. पण बेटा पक्का होता. आदल्या संध्याकाळी तिला बाजूला घेऊन म्हणाला, बाहेर तू उभी राहा. इंजिन जोरात चालू असताना मी मान हलवीन, तेव्हा काही कारण नसताना बंदची खूण कर. त्याने आतून हाताने जरी का विचारलं, तर हा विषय कायमचा संपला. आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही.

झालं! बाईच्या जिवाला घोर लागला. सकाळी वकील खुशीत होता, बूट पुसताना शीळ घालत होता, चहा पाणचट झाल्याची तक्रारही त्याने हसत हसत केली. हिची मात्र पंचाईत. शब्द दिलेला, तोंडाला कुलूप. दाराशी आल्यावर न राहवून एवढंच म्हणाली, "आज माझ्याकडे नीट लक्ष ठेव हं."

"का?" वकील म्हणाला.

संपलं सगळं, असं तिला वाटलं.

इंजिन एका दमात सुरू झालं. आत वकील ताठ बसला होता, एक हात थ्रॉटलच्या दांड्यावर, नजर काट्यांवरून तिच्याकडे, तिच्याकडून परत काट्यांवर. इंजिनाचा जोर वाढत गेला. कानांवर जाड टोप्या होत्या तरी आवाज छातीत घुमत होता. तिचा एक डोळा बाजूला उभ्या फोरमनच्या मानेवर होता आणि ती मान काही हलत नव्हती. तेवढ्यात तिने सवयीने पोटाखाली पाहिलं. एरवी तिथल्या नळीतून एखादा थेंब पडतो. आता धार लागली होती, आणि इंधनाचा ओघळ उताराने तापलेल्या शेपटीकडे निघाला होता.

परीक्षाबिरीक्षा सगळं ती विसरली. तिने गळ्यावरून हात फिरवला.

आवाज लगेच उतरायला लागला. वकिलाचे हात एकामागून एक खटक्यांवर गेले, डोक्यावरची काच वर झाली, शिडीच्या दोन पायऱ्या गाळून तो खाली आला आणि वारा येत होता त्या दिशेला धावत सुटला. ती त्याच्या पुढेच पळत होती. आगीचा बंब घेऊन तयार उभ्या बंबवाल्याने ओघळावर फेस मारला. आग लागलीच नाही. फोरमन मात्र तणतणत आला, मी मान हलवलीच नव्हती म्हणून. तिने बोट दाखवलं. त्याने वाकून ते थारोळं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

मग वकिलाने धापा टाकत विचारलं, "का बंद केलं?" तिने सांगितलं, परीक्षेची भानगडही सांगून टाकली. जन्मभर का विचारणाऱ्याने आज का विचारलं नाही, असं फोरमनने खोदून विचारलं. वकिलाला खोटं बोलता येत नव्हतं.

"हात हिचा होता. तुमचा असता तर विचारलं असतं."

आता खुर्ची गेली, असं वाटून वकिलीणबाईने डोळे मिटले. पण फोरमन पोट धरधरून हसत होता. मग त्याने सांगितलं, खुर्ची तुझी, पण सध्या बाहेर ही उभी असेल तरच. बाकीच्यांवर विश्वास ठेवायला शिकलास की बघू. बंबवाल्याने टाळ्या वाजवल्या. वकील लाजला, हे दृश्य याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

वकिलीणबाईला हसू आवरेना आणि डोळे भरून आले. इतकी वर्षं हा माणूस आपलं एकही म्हणणं मान्य करत नाही, असं ती धरून चालली होती. तिने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला आणि त्याला शेजारच्या विमानाकडे घेऊन गेली, कारण त्याचंही इंजिन चालवून बघायचं होतं.