आरशातल्या लाल बांगड्या

मी बारा वर्षं नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. तालुक्यांतून अधूनमधून अमावास्या, पिंपळ, विहिरीजवळची बाई असा मजकूर यायचा. मी वार्ताहराला फोन करून विचारायचे — कोणी पाहिलं, किती वाजता, किती अंतरावरून? समोरचा "लोक म्हणतात" म्हणायचा आणि मजकूर टोपलीत जायचा. या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पण खालची घटना मी स्वतः पाहिली आहे. दिवसाउजेडी, दोन फुटांवरून.

आमची आवृत्ती बंद झाली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. बहिणीच्या सांगण्यावरून ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटचा एक वर्षाचा कोर्स धरला. पक्षाघात किंवा अपघातानंतर माणसाला बटण लावणं, घास घेणं, भाकरी थापणं पुन्हा शिकवावं लागतं. ते काम थेरपिस्ट ठरवतात, असिस्टंट करून घेतो. शेवटचे चार महिने प्रत्यक्ष कामाचे. मला नगरहून राहुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एका ट्रस्टचं केंद्र मिळालं.

तिथल्या थेरपिस्ट कुलथे मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पेपरवाल्या ना तुम्ही? इथे प्रश्न मी विचारते. तुम्ही हात धुऊन या."

चार महिन्यांनी माझ्या लॉगबुकवर सही त्यांचीच लागणार होती.

दुसऱ्या महिन्यात शोभा दाखल झाली. वय छत्तीस, पाथर्डी तालुका, ऊसतोड कामगार. उन्हाळ्यात लकव्याचा अटॅक येऊन उजवी बाजू गेलेली. पाय बऱ्यापैकी सुधारला होता, बोलणं स्वच्छ होतं. उजवा हात मात्र मेल्यासारखा. मॅडमनी तपासून बोटांची ताकद शून्य लिहिली होती.

सोबत सासू हौसाबाई. त्यांनी पहिल्याच दिवशी, सुनेच्या समोर, मुदत सांगून टाकली.

"दसऱ्यानंतर टोळी निघती. तवर हात चालला तर चालला. न्हाई तर माझ्या भावाची लेक हाय. मनी. ती जाईल माझ्या पोरासंगं, ज्ञानदेवासंगं."

ऊसतोडीत जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. मुकादम अर्धा कोयता टोळीत घेत नाही.

"मावशी, बायको असताना दुसरी केली तर कायद्यानं गुन्हा आहे," मी म्हणाले.

"कायदा येतोय का मोळ्या बांधाया?" हौसाबाई म्हणाल्या. "येत आसंल तर धाडा. मनीला न्हाई नेत."

शोभानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत गरिबी, लाचारी असलं काही नव्हतं. राग होता.

हाताला हालचाल नसेल तर आरशाची पेटी वापरतात. प्लायवूडची छोटी पेटी, एका बाजूला बाहेरून आरसा लावलेला. लुळा हात पेटीच्या आत, दिसणार नाही असा. चांगला हात आरशासमोर. रुग्णानं चांगल्या हाताची बोटं हलवायची आणि आरशात बघायचं. मेंदूला वाटतं, लुळाच हात हलतोय. यात काही चमत्कार नाही, पुस्तकात आहे. पुस्तकात असंही आहे की दोन्ही हात सारखे दिसले पाहिजेत; चांगल्या हातातलं घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात.

शोभाच्या उजव्या हातातल्या बांगड्या दवाखान्यात सलाईन लावताना काढून टाकल्या होत्या. डाव्या हातात हिरव्या होत्या. कुलथे मॅडम अशा वेळी बांगड्या काढत नसत. दोन्ही मनगटांवर बँडेज गुंडाळून टाकत. ते मी तोवर पाहिलं नव्हतं. मी पुस्तकाप्रमाणे साबणाचं पाणी घेतलं आणि बांगड्या उतरवल्या. नगर जिल्ह्यात जन्मलेल्या बाईनं सवाष्णीच्या हाताशी हे करायला नको होतं. दोन फुटल्या.

वेळ सकाळी अकरा वीस. पूर्वेची खिडकी उघडी. खोलीत आम्ही दोघीच.

"बोटं उघडा, मिटा," मी म्हणाले. "आरशात बघत राहा."

शोभानं एकदा बोटं मिटली, उघडली. मग हात टेबलावर सपाट ठेवून ती थांबली.

"ताई, ह्यो माझा हात न्हाई."

"आरशात तसंच वाटतं —"

"बघा की डोळं उघडून!"

मी वाकून पाहिलं. टेबलावर तिचा रिकामा हात सपाट पडलेला. आरशात मूठ होती... घट्ट मिटलेली, तिच्या हातापेक्षा लहान. मनगटावर लाल काचेच्या बांगड्या. मी मोजल्या — सात. मी टेबलावरच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं. मूठ तिथेच होती, आणि काचेवर काच आपटल्याचा बारीक आवाज आला. तेवढ्यात दार उघडलं आणि हौसाबाई आत आल्या. आरशात शोभाचाच रिकामा हात दिसत होता.

हौसाबाईंनी आधी सुनेचं मनगट पाहिलं, मग टेबलावरचे हिरवे तुकडे.

"नवरा जिता हाय तिचा! रांडमुंड केलीस व्हय गं माझ्या घरची बाई? कोन तू? कुठनं आलीस?"

खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. कुलथे मॅडमनी सगळ्यांसमोर मला खोलीबाहेर काढलं. "आणखी एक तक्रार आली तर मी सही करणार नाही. तुम्हाला कळायला हवं होतं."

ते खरंच होतं. आरशात काय दिसलं ते मी सांगितलं नाही.

संध्याकाळी मी खोली तपासली. पडदे निळे, खुर्च्या करड्या. लाल वस्तू एकही नाही. आरसा साधा, एकाच काचेचा. पेटी रिकामी.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम स्वतः शोभाला आरशासमोर बसवू लागल्या. हौसाबाईंनी तिच्या डाव्या हातात नव्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, त्यावर बँडेज. आरशात काहीही वेगळं दिसलं नाही. हातातही फरक नाही. दसऱ्याला पंधरा-सोळा दिवस उरले होते.

मग एका मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, शोभा न्हाणीतून एकटीच परत आली. डावं मनगट रिकामं, त्यावर ओरखडे.

"भिताडावर आपटून फोडल्या," ती म्हणाली. "सासूबाई च्याला गेल्यात. पेटी आना."

"मॅडमना विचारल्याशिवाय नाही."

"इचारा. मग मी जाते घरी, आन मनी येती घरात. तुमचं काय जातंय?"

कुलथे मॅडम त्याच खोलीत, पलीकडच्या टेबलावर, पाठमोऱ्या एका आजोबांच्या हाताला आधार देणारं स्प्लिंट कापत होत्या. मी नाही म्हणायला हवं होतं. मी पेटी ठेवली. तिचा लुळा हात उचलून आत सरकवला. आत काही नव्हतं. माझी बोटं तळाला लागली होती.

आरशात हात होता. सात लाल बांगड्या.

शोभा आरशाजवळ झुकली आणि हळू आवाजात बोलू लागली.

"आलीस व्हय? ये. माझ्या जागंवर बसतीस? माझ्या चुलीला, माझ्या मोळीला हात लावतीस? कुनी सांगितलं गं तुला? टवळे... त्यो हात ठिवते का बघ."

तोवर मी धरून चालले होते की वाईट जे काही आहे ते आरशात आहे. पण आरशातल्या मुठीची बोटं एकेक करून उघडली, थरथरली आणि हात मागे सरकायला लागला. सुटू पाहणाऱ्या माणसासारखा. शोभाचा डावा हात टेबलावर स्थिर होता.

मग पेटीच्या आतून आवाज आला. काच चिरडल्याचा.

मॅडम वळल्या. मी पेटी उचलली. आरसा शाबूत होता. शोभाचा उजवा हात — सकाळी मॅडमनीच पुन्हा शून्य लिहिलेला — घट्ट मिटलेला होता आणि बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. ती मूठ उघडायला आम्ही दोघी लागलो. तळहातावर काचेचे तुकडे होते. लाल.

"ही काच कुठून आली?" मॅडमनी विचारलं. माझ्या मनगटाला घड्याळ होतं, त्यांच्या हातात सोन्याची एक बांगडी. आजोबा दुसरीकडे बघत होते. शोभा हसत होती.

मॅडमनी अहवालात लिहिलं — प्रशिक्षणार्थीच्या निष्काळजीपणामुळे रुग्णाच्या फुटलेल्या बांगडीची काच लागून जखम.

"मॅडम, तिच्या बांगड्या हिरव्या होत्या. तुम्ही पाहिलंत."

"अहवालात रंग विचारत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. सही मिळाली नाही. मला त्याच केंद्रात चार महिने पुन्हा काढावे लागले.

तिसऱ्या दिवशी शोभाचा अंगठा हलला. आठव्या दिवशी तिनं टॉवेल पिळला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्ञानदेव आला, तेव्हा तिनं बांबूच्या काड्यांची मोळी त्याच्या पुढ्यात आवळून बांधली. तो खूश झाला. हौसाबाईंनी पिशव्या उचलल्या. अशी उशिरा सुधारणा होते, आरशामुळेही होते, पुस्तकात आहे. शून्य ताकदीचा हात काही क्षणांत काच चिरडतो, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

घरी गेलेल्या रुग्णांना फोन करणं आमच्याकडे असिस्टंटचं काम असतं. मागच्या महिन्यात मी शोभाला लावला. पलीकडून कोयत्यांचे आवाज येत होते.

"हात कसा आहे?"

"लई झ्याक. नवऱ्याच्या फुडं पळते मी."

"आणि... ती मनी?"

"तिचा हात गेला की. उजवा. च्याचं पातेलं सुटलं हातातनं, तवापासनं लोंबतोय. मी बांगड्या फोडल्या त्योच मंगळवार हुता."

तिच्या हातात तेव्हा कुठल्या रंगाच्या बांगड्या होत्या, हे मी विचारलं नाही. माझं धाडस झालं नाही.

"तिला तुमच्याकडंच आनत्यात," शोभा म्हणाली. "ताई, लई बरी करू नका तिला." आणि फोन ठेवला.

मनी काल दाखल झाली. वय एकोणीस. हात माझ्या हातात दिला तेव्हा ती रडत होती आणि पुन्हापुन्हा सांगत होती, "मला जायचंच नव्हतं वो त्यांच्याबर, मला कुनी इचारलंच न्हाई." डोक्याचा स्कॅन, मानेचा एमआरआय, नसांची तपासणी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी तिच्या केसपेपरवर निदानाच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं आहे. मी तो कागद दोनदा वाचला. त्या प्रश्नचिन्हात दुरुस्ती करण्यासारखं मला काही सापडलं नाही.