शालूवहिनींच्या नावाची फ्रेम

त्र्यंबक पाटणकरांबद्दल खरं तर कुणीतरी नीट लिहायला हवं. मी शेजारी, म्हणून मी लिहितो.

नोकरीत असताना ते ठाकुर्लीहून डोंबिवलीच्या कारखान्यात सायकलने जात. निवृत्त झाल्यावर रेसिंगची सायकल घेतली आणि दर रविवारी शीळफाट्यापर्यंत जाऊ लागले. तिथेच खड्ड्यात पडले. खांद्याचं हाड जुळलं, सायकल भंगारात गेली. शालूवहिनी म्हणाल्या, "आता या घरात सायकल येणार नाही." दोन वर्षं आली नाही. त्र्यंबक गॅलरीत उभे राहून दुसऱ्यांच्या सायकली बघत.

मग विठ्ठलवाडीला कमलेशच्या जुन्या सायकलींच्या दुकानात त्यांना रेसिंग सायकलची स्टीलची फ्रेम दिसली. अगदी त्यांच्या मापाची. मला घेऊन गेले.

"सायकल कुठे आहे? नुसती फ्रेम आहे," ते म्हणाले. लगेच पैसे मोजले.

"काका, घरी नाही पटली तर परत आणा," कमलेश म्हणाला. "पण जशी नेली तश्शी पाहिजे. चरा पडला तर मी नाही घेणार."

घरी वहिनींनी विचारलं, "हे काय?"

"स्टील."

"आणि चाकं?"

"चाकं नाहीत."

"येतील ना मागाहून! उद्याच्या उद्या परत करा. भावजी, तुम्ही बरोबर जा. हे एकटे गेले तर चाकं लावून येतील."

दुसऱ्या दिवशी फ्रेम मांडीवर घेऊन आम्ही रिक्षाने निघालो. कल्याणला त्र्यंबकांनी भांड्यांच्या दुकानापाशी रिक्षा थांबवली. मला वाटलं, वहिनींना खूश करायला डबा घेतायत. त्यांनी फ्रेमच काउंटरवर ठेवली.

"नाव घालायचंय."

"यावर?"

"स्टीलच आहे."

मशीन घरघरलं, रंग उडाला. आडव्या नळीवर नाव उमटलं: सौ. शालू त्र्यंबक पाटणकर. तिथूनच आम्ही घरी परतलो.

वहिनींच्या घरात चमच्यापासून पिंपापर्यंत सगळ्यावर त्यांचं नाव आहे. एका लग्नात गेलेली वाटी त्यांनी वर्षभराने नावावरून ओळखून परत आणली होती.

त्यांनी नळीवरचं नाव दोनदा वाचलं.

"आता कमलेश घेणार नाही," त्र्यंबक म्हणाले. "भंगारवाल्याला देऊ?"

"माझ्या नावाची वस्तू भंगारात?"

त्र्यंबकांनी फ्रेम हळूच भिंतीला टेकवली.

"खड्ड्यात घालू नका म्हणजे झालं," वहिनी म्हणाल्या. "पोचा आला तर बघा!"

चाकं आणायलाही त्यांनी मलाच बरोबर पाठवलं. हे एकटे गेले तर स्वस्तातली आणतील, म्हणाल्या.