बाटलीवरच्या रेघा

दाजी गेल्याचा फोन ताईनंच केला. रडली नाही. "हे गेले रे," म्हणाली आणि पुढे, "ये तू. एक दाखवायचंय तुला." माझे मेहुणे श्रीधरदाजी तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. पण त्या 'दाखवायचंय'नं मी चरकलो. संशय आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे. नाशिकला पोचेपर्यंत नाही नाही ते मनात येऊन गेलं...

सत्तरचं दशक संपता संपता दाजींनीच व्हिसा काढून मला दोहाला नेलं. बिन महमूदमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये माझी गादी असे. दाजी पाइपलाइनवर इंजिनीयर, पण मुळात द्राक्षबागायतदाराचा मुलगा. त्यांच्या ऑफिसात पिएत्रो नावाचा इटालियन होता. उत्तर इटलीत डोंगरउतारावर त्याच्या घरची बाग आणि वाइनरी. वडील आणि भाऊ मिळून तांबडी वाइन करत. दोघांचं गूळपीठ जमलं ते वेलींच्या छाटणीवरून. आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटतात हे पिएत्रोला कधी पटलं नाही, आणि तो एकदाच छाटतो म्हणून दाजींना त्याची कीव येई. ताईला मुलगी झाली तेव्हा पिएत्रोनं घरच्या वाइनची लाखबंद बाटली आणून दिली. मूल जन्मलं की एक बाटली ठेवायची आणि त्याच्या लग्नात उघडायची, अशी त्यांची रीत.

ताईचा चेहरा पडला. आमचे वडील दारूपायीच गेले. लग्नाआधी तिनं दाजींकडून एकच वचन घेतलं होतं, थेंबाला शिवायचं नाही; शिवलात तर मी माहेरी निघून जाईन. पण लेकीच्या नावानं आलेली वस्तू टाकायची कशी? तिनं मधला मार्ग काढला. दाजींना बाटली खिडकीच्या उजेडात धरायला लावून आतल्या वाइनच्या पातळीवर नेलपॉलिशची रेघ ओढली आणि बाटली कपाटावर उभी ठेवून दिली.

पहिला उन्हाळा सरला आणि पातळी रेघेखाली गेली. केसभरच... पण गेली. ताई दोन दिवस जेवली नाही. दाजी म्हणाले, "अगं, मी हातसुद्धा लावलेला नाही." लाख जशीच्या तशी होती, मी स्वतः निरखून पाहिली. तरी ताईनं मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "इंजेक्शनच्या सुईनं काढता येत असेल का रे?" खरं सांगतो, मलाही ते अगदीच अशक्य वाटलं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी दाजी पिएत्रोकडे, दुहैलच्या कंपनी-वसाहतीत जात आणि बडीशेप चघळत परत येत. नुसत्या गप्पा मारून आलेल्या माणसाला बडीशेप कशाला लागते?

शेवटी दाजींनी पिएत्रोलाच घरी आणलं. तो समजुतीनं सांगू लागला, की बाटली उभी ठेवली की बूच सुकतं आणि वाइन हळूहळू उडून जाते. आमच्या तळघरात लाकडी पिंपंसुद्धा अशीच उणी होतात, वडील त्यांत पुन्हा भर घालतात. बाटली आडवी ठेवा. हे सगळं इंग्रजीत, आणि त्याचं मराठी दाजी करत होते. म्हणजे साक्षीदार आरोपीचा आणि दुभाष्याही आरोपीच. तो गेल्यावर ताई म्हणाली, "एकाच माळेचे मणी. आडवी ठेवली तर माझी रेघ काय कामाची?" दाजी हसले. "मी एकदा सांगितलं. खलास." त्यानंतर त्यांनी कधी सफाई दिली नाही. मात्र लेकीच्या दर वाढदिवसाला स्वतःच स्टुलावर चढून बाटली उतरवायचे, खिडकीपाशी धरून उभे राहायचे आणि ताई नवी रेघ ओढायची. ती माहेरी निघून गेली नाही. पण त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलायचीही नाही. मला त्यांचा फार राग यायचा... इतकं निमूट कुणी राहतं का?

नाशिकला परतताना बाटली भांड्यांच्या खोक्यात टॉवेलात गुंडाळून आली. पुढे लेकीचं लग्न ठरलं तेव्हा दाजी म्हणाले, "रुखवतात मांडू या." ताई म्हणाली, "आधी आतली दारू खाली कशी उतरते ते सांगा." बाटली पुन्हा कपाटावर गेली.

रजा मिळून मी पोचलो तेव्हा तेरावं होऊन घर रिकामं झालं होतं. लेक नुकतीच तिच्या घरी परतली होती. ताईनं मला स्टुलावर चढवलं. बाटलीवर रेघांची शिडी होती, कुठली लाल, कुठली गुलाबी, कुठली पार काळवंडलेली. सगळ्यांत खालची रेघ दाजी अंथरुणाला खिळण्याआधीच्या वाढदिवसाची. त्यानंतर ताईनं बाटलीकडे पाहिलं नव्हतं. ज्याला कूस बदलायलाही ताईचा हात लागे, त्याच्यावर पहारा कसला ठेवायचा? ते गेले त्याच दिवशी खोली आवरताना तिची नजर बाटलीवर गेली, आणि मग तिनं मला फोन केला.

"धर खिडकीत," ती म्हणाली. दाजी धरायचे तशी धरली. आधी सवयीनं बूच पाहिलं. लाख शाबूत होती. वाइन शेवटच्या रेघेखाली चांगली अर्धं बोट उतरली होती.

ताईच्या हातात नेलपॉलिशची उघडी बाटली होती. ती तिनं तशीच बंद केली.

"आता कुणावर आळ घेऊ रे?"